मुरलेलं पाणी

मांजरीच्या शेतीचा इतिहास नुसता पिकांच्या नावानं लिहून भागत नाही, तो पाण्याच्या नावानं लिहावा लागतो. मांजरी बुद्रुकच्या उत्तरेला मुळा-मुठा, दक्षिणेला कालवा आणि मधल्या रानात विहिरी. पाणी बदललं की आमच्याकडं पीक बदललं, पीक बदललं की माणसाला पुन्हा शिकायला बसावं लागलं. गेल्या दीडशे वर्षांत हे असं चार-पाच वेळा झालंय. त्यातला सगळ्यात अलीकडचा धडा आमच्या घराच्या परड्यात, हजार लिटरच्या एका टाकीत चालू आहे. तिथवर यायला मात्र थोडं मागं जावं लागेल.

घरात ऐकलेलं सर्वांत जुनं पाणी मोटेचं. थारोळ्यात ओतलेलं पाणी दंडानं वाफ्यात जायचं. बैलांचा दम सरला की पाणीही सरायचं, त्यामुळं रान किती भिजवायचं हे बैलच ठरवायचे. पुढं फाइफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या योजनेतून खडकवासल्याला धरण झालं आणि 1870 च्या दशकात मुठेचा उजवा कालवा वाहू लागला. हडपसर, मांजरीकडच्या कोरडवाहू रानाला पहिल्यांदा न ओढता पाणी मिळालं. पण फुकट आलेलं पाणी वापरायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दख्खनच्या कालव्यांवर सगळीकडं तेच झालं. उसाला नुसतं पाणी सोडत राहायचं, आणि खोलगट रानं पाणथळ होऊन चोपण व्हायची. जमिनीवर पांढरी खार फुटली की मग डोक्याला हात.

हे शिकवायचं काम ज्या जागी झालं तिचं नाव मांजरी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इथं सरकारी शेतीफार्म होता आणि तिथं उसावर प्रयोग चालायचे. त्यातून ऊस लावायची जी रीत ठरली तिला त्या काळच्या शेतकी अहवालांत ‘मांजरी पद्धत’च म्हणतात. थोडक्यात सांगायचं तर सऱ्या लांब घ्यायच्या, बेणं कमी वापरायचं आणि पाणी मोजून द्यायचं. आज हे कुणाला नवल वाटणार नाही. तेव्हा मात्र पाण्याला पैसा कमी आणि हाव जास्त होती. आमचे पणजोबा फार्मावर रोजानं जायचे. ते घरी येऊन सांगायचे म्हणे, “सायेब पानी मापतोय, जसं काय दूध हाय.”

माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ते आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांची सगळी उमर दारं धरण्यात गेली. ज्यांनी रान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटातलं पाणी एका वाफ्यात सोडायचं, तो भरला की खोऱ्यानं माती ओढून त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं फोडायचं, याला दारं धरणं म्हणतात. पाळी रात्रीची आली तर रात्री. अंधारात वाफा भरला की नाही हे तात्या पाण्याच्या आवाजावरून ओळखायचे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि नदीनं काय केलं ते पुण्याच्या इतिहासात लिहिलेलंच आहे. आमच्या घरात त्याची आठवण जरा वेगळी आहे. पूर ओसरला, मग कालव्याला पाणी नाही. तळंच रिकामं झालं तर कालव्याला कुठून यायचं? तात्या म्हणतात, “पुरानं न्हेलं ते एका दिसात न्हेलं. कोरड्या पाटानं मातूर रोज थोडं थोडं न्हेलं.”

पुढं खडकवासला पुन्हा बांधला, नवा उजवा कालवा झाला, आणि जुन्या कालव्याला लोक बेबी कालवा म्हणू लागले. ऊस मागं पडत गेला आणि भाजीपाला आला. शेजारी पुण्यासारखी बाजारपेठ, मग काय! मेथी, कोथिंबीर, पालक, फ्लॉवर. गोल, जांभळं, पांढऱ्या रेघांचं ‘मांजरी गोटा’ वांगं तर गावाचं नाव घेऊनच राज्यभर गेलं. भरल्या वांग्याला दुसरं वांगं चालत नाही, असं म्हणणारी माणसं मला विदर्भातही भेटलीत. मांजरीला बाजार समितीचा उपबाजार झाला. पहाटेची भाजी तोडून जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात घालायच्या आणि फाटक पडायच्या आत पलीकडं पोचायचं, ही आमच्या आया-बायांची कसरत होती. रेल्वेचं फाटक पडलं की मेथी मान टाकायची.

शिकवणारेही गावात येत राहिले. साखर कारखान्यांची संशोधन संस्था 1975 साली निघाली, तीच पुढं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट झाली. 1997 साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आलं, आणि ‘मांजरी नवीन’, ‘मांजरी मेडिका’ अशा द्राक्षांना पुन्हा आमच्याच गावाचं नाव लागलं. त्याच सुमारास पॉलिहाऊसचं वारं सुटलं. जरबेरा, कार्नेशन, रंगीत ढोबळी मिरची. तळेगाव दाभाड्याला पणन मंडळाच्या संस्थेत पोरं पाच-पाच दिवसांचं शिक्षण घेऊन आली. झाकलेल्या शेतीचा पहिला धडा त्यांनी गावाला दिला. युरोपात हरितगृह बांधतात ते ऊब कोंडून ठेवायला, आणि आपल्याकडं ते बांधायचं ऊन अडवायला, वारा खेळवायला आणि पाऊस बाहेर ठेवायला. ज्यांनी हे उलट केलं त्यांची फुलं मार्चातच करपली.

हे सगळं चालू असताना नदीचं पाणी बदलत होतं. तात्यांच्या लहानपणी डोहात मरळ आणि वाम सापडायची. माझ्या लहानपणी पोहायला बंदी झाली. शहर वाढलं तसं त्याचं सांडपाणी नदीत वाढलं, आणि ते वाहून येणार कुठं, तर आमच्याकडं. नवल म्हणजे त्या पाण्यावर पीक झ्याक यायचं. युरिया निम्मा टाकला तरी पालक हिरवीगार. पानं मोठी, लुसलुशीत, पण टिकायची नाहीत. वांग्याचं झाड नुसतं माजायचं, फळ धरायचं नाही. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णीचा गालिचा पसरायचा, इतका की कुत्रं चालत जाईल. पाण्यात नत्र फार झाल्याचं ते लक्षण होतं, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढं मुंढव्याला जॅकवेल बांधून शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्यात सोडायची योजना झाली. म्हणजे ज्या कालव्यातून पणजोबांनी धरणाचं पाणी घेतलं, त्याच कालव्यातून नातवंडांच्या वाट्याला शहराचं वापरलेलं पाणी आलं.

मग 30 जून 2021 ला 23 गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात मांजरी बुद्रुक होतं. गुंठ्याचे भाव आधीच आभाळाला लागले होते. आमच्याही सातबाऱ्यावर चार नावं, चौघांच्या चार गरजा. वीस गुंठ्यांतले नऊ गेले, राहिले अकरा. त्या अकराच्या कडेला घर आणि घरामागं परडं.

परड्यात हा उद्योग मांडला माझ्या धाकट्या भावाच्या पोरानं. कंपनीतली नोकरी घरून करायचा काळ होता. एका बाजूला माशांची टाकी, शेजारी खडी भरलेले दोन वाफे, वर पन्नास टक्क्यांचं शेडनेट आणि पावसापुरता प्लास्टिकचा कागद. मासे पाण्यात घाण करतात, ते पाणी पंपानं वाफ्यात जातं, झाडं त्यातलं खत घेतात, आणि निवळलेलं पाणी पुन्हा माशांकडं येतं. याला ॲक्वापोनिक्स म्हणतात. नाव नवं असलं तरी कल्पना जुनी आहे. अरुणाचलातले आपातानी लोक भाताच्या खाचरातच मासे वाढवतात. आपल्या गोव्यातल्या खाजणांत भात आणि मासळी एकाच बांधाआड होते.

घरगुती हरितगृहात टाकी ठेवून हे करायचं वेड मात्र अमेरिकेतलं. तिथं 1969 साली ‘न्यू अल्केमी इन्स्टिट्यूट’ नावाची एक मंडळी जमली. 1976 च्या सुमारास त्यांनी केप कॉडच्या थंडीत एक हरितगृह उभारलं आणि त्यात माशांच्या टाक्या आणि भाजी एकत्र वाढवली. नंतर व्हर्जिन आयलंड्सच्या विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी त्याचं गणित बसवलं. नुसत्या पाण्यावर, मातीविना शेती तर आपल्या देशात आधीच येऊन गेली होती. शोल्टो डग्लस यांनी 1946 साली कालिंपोंगला ती सुरू केली, आणि महागडी यंत्रं टाळून गरिबाला जमेल अशी रीत बसवायचा प्रयत्न केला.

पोरानं हे सगळं वाचलं होतं. तरी पहिली पन्नास बोटुकली आठव्या दिवशी उलटी तरंगली. पाणी दिसायला नितळ होतं, कुणालाच कळेना. कळलं ते पाणी तपासायच्या नळीत. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो आणि नव्या टाकीत तो पचवणारं कुणी नसतं. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि झाडाला हवं असतं ते नायट्रेट. विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. ते पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासे भरले की ते आपल्याच घाणीत मरतात.

तो हे तात्यांना समजावून सांगत होता. तात्या खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, “आरं, म्हंजी मुरायचं हाय की ते! ताजं श्यान टाकलं तर पीक जळतंय, मुरलेलं टाकलं तर वाढतंय. तुझं पानी ताजं हाय.” मग त्यांनी जनावरांच्या जुन्या हौदाकडं बोट दाखवलं. त्या हौदात आरोग्य खात्यानं पूर्वी कधीतरी सोडलेल्या गप्पी माशांची पिलावळ अजून नांदत होती आणि तळाशी शेवाळलेली खडी होती. “त्यातली चार पाट्या खडी टाक तुझ्या वाफ्यात. इरजान लावल्याबिगर दही लागतंय व्हय?”

पोरानं खडी टाकली, त्याच हौदातले गप्पी सोडले, आणि मोठे मासे न टाकता सहा आठवडे रोज नळ्या तपासल्या. आधी अमोनिया चढला, मग तो उतरला आणि नायट्राइट चढलं, मग तेही उतरलं. वहीत दोन चढ आणि दोन उतार असा आलेख आला. पुस्तकात नेमका तसाच होता. त्यानंतर मत्स्यबीज केंद्रातून सायप्रिनसची बोटुकली आणली. उजनीची चिलापी इथं आणखी चांगली झाली असती, पण ती पाळायची तर सरकारी परवानगी लागते. पाण्याबाहेर गेलेली चिलापी आवरत नाही हे उजनीच्या कोळ्यांना विचारावं.

या कामात हात किती लागतो ते सांगतो, कारण चित्रं पाहून पुष्कळ जण टाकी आणतात आणि चार महिन्यांत तिच्यात धुणं भिजवतात. हजार लिटरच्या टाकीत घरच्या माणसानं दहा किलोच्या वर मासे ठेवू नयेत. मोठ्या माशाला दिवसाला वजनाच्या शंभरात एक ते दोन हिश्श्यांइतकं खाद्य, म्हणजे दहा किलोला फार तर 200 ग्रॅम. पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्याला रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्याचं खत लागतं. म्हणजे त्या टाकीवर चार चौरस मीटर पालेभाजी निघते. फळभाजीला खाद्य जास्त लागतं, म्हणून वाफा आणखी लहान होतो.

पाण्याची आंबटाई-खारटाई, ज्याला पीएच म्हणतात, ती 6.8 ते 7 च्या आसपास राखावी लागते. झाडांना याहून आंबट हवं असतं आणि जिवाणूंना याहून खारट, मासे मध्ये. तिघांचं भांडण मिटवायचा हा आकडा. माशांच्या खाद्यातून लोह पुरेसं मिळत नाही, त्यामुळं कोवळी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या की चिलेटेड लोह द्यावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो, आणि तेव्हाच वीज जाते. पंप बंद पडला तर काही तासांत टाकी साफ. म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप आधी घ्यायचा, रोपं नंतर. आणि वाफ्याला कसलंही कीटकनाशक नाही. पानावर मारलेलं औषध खाली माशाला जातं.

वाफा भरून रिकामा व्हायला त्यानं घंटेसारखा सायफन बसवला. पाणी ठरल्या उंचीला चढलं की आपोआप एकदम ओढून घेतं, उतरलं की हवा शिरून ओढ तुटते, आणि पुन्हा भरायला लागतं. मुळांना पाणीही मिळतं आणि हवाही. तात्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं, हो, ऐकलंच, कारण आता त्यांना नीट दिसत नाही. गुळगुळ आवाज वाढत गेला, मग एकदम खळ्ळकन सुटला. “भरला,” तात्या म्हणाले, “दार मोडलं.” पुढं सायफन कधी अडकला तर पोराच्या आधी त्यांना कळायचं.

वर्षभरात पालक, पुदिना, कोथिंबीर घरापुरती सुटली. पाणी फार थोडं लागलं, मातीतल्या वाफ्याच्या दहाव्या हिश्श्यात भागतं असं म्हणतात, आणि आमचा अनुभव त्याच्या जवळपासचा. पाहुणे येऊन बघून जाऊ लागले. आणि तिथंच एक वेगळीच गोष्ट उभी राहिली. उरलेल्या अकरा गुंठ्यांना गिऱ्हाईक आलंच होतं. भाऊबंदांच्या बैठकीत एक जण म्हणाला, “आता भाजी टाकीतच होतीय. मग रान कशापायी राखायचं?” बोलणं वेडं नव्हतं. विकायला कारण हवंच असतं, आणि या वेळी ते शास्त्राचं कारण होतं. तात्या गप्प बसले. चाळीस वर्षं ज्या रानात दारं धरली त्याच्या बाजूनं त्यांच्याकडं एकही आकडा नव्हता.

आकडा पोराकडं होता. त्यानं वही आणली. अकरा गुंठे म्हणजे सुमारे 1,113 चौरस मीटर. एका टाकीवर चार चौरस मीटर. म्हणजे अकरा गुंठ्यांत जेवढी पालेभाजी होते तेवढी काढायला अशा 278 टाक्या लागतील. त्यांना रोज 55 किलोच्या वर खाद्य, 278 पंप, आणि वीज जाऊ नये म्हणून देवाला नवस. “मी सहा आठवडे घालवले ते खडीत जिवाणू वसवायला,” तो म्हणाला. “शेतातल्या मातीत ते आधीच आहेत. आज्यापणज्यांनी शेणखत टाकून वसवलेत. वर बांधकाम झालं की ते संपले. पुन्हा करायचे म्हटले तर दोनशे अठ्ठ्याहत्तर टाक्या.”

श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगवायचं गणित मांडलं होतं. गारगोटीच्या मौनी विद्यापीठातल्या या गणिताच्या प्राध्यापकानं द्राक्षबागायतदारांना एकमेकांचे शिक्षक केलं. शेतकऱ्यानं प्रयोग करावा, नोंद ठेवावी, दुसऱ्याला सांगावी, एवढंच त्यांचं म्हणणं. पोरानं दाभोलकर वाचले होते की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या बैठकीत वही उघडून त्यानं जे केलं ते त्याच परंपरेतलं होतं. अकरा गुंठे म्हणजे दाभोलकरांच्या हिशेबापेक्षा एक गुंठा जास्तच.

गिऱ्हाईक परत गेलं. पुन्हा येईल, याची सगळ्यांना खात्री आहे, आणि सातबाऱ्यावरची चार नावं अजून चारच आहेत. पण त्या बैठकीनंतर ठरलं की निदान तात्यांच्या हयातीत रान मोडायचं नाही. दोघा भावांनी विहिरीतला गाळ काढला. नदीचं पाणी बंद केलं, नुसतं विहिरीचं धरलं. पालकाची पानं लहान झाली, पण जुडी संध्याकाळपर्यंत टवटवीत राहते.

टाकीही चालू आहे. तिच्या तळाला बसलेला गाळ दर आठवड्याला काढावा लागतो, नाहीतर पाणी नासतं. हे बादलीभर काळं पाणी मोरीत ओतायचं नाही, असा घरात नियम झाला आहे. ते शेणखताच्या खड्ड्यात जातं. तिथं महिना-दोन महिने मुरतं, आणि मग मांजरी गोट्याच्या सरीला पडतं. यंदा वांग्याला फळ चांगलं धरलंय.